तबकडीतलं गाणं सुईपाशीच ठरतं

कोकणात जुन्या रेकॉर्डी संगणकात उतरवून घ्यायच्या असतील तर दिवाळीनंतर बसावं. पावसाळ्यात इथल्या हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांखाली उतरत नाही, आणि सत्तरीच्या वर ती टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं मिळतं. कागदी पाकीट, बोटांचा घाम, खाचेत बसलेली धूळ एवढं खाद्य तिला पुरतं. रेकॉर्डी सांभाळण्याविषयी जे सल्ले छापलेले सापडतात ते बहुतेक कोरड्या हवेतल्या लोकांचे असतात, म्हणून त्यांत स्थिर विद्युतभाराची फार चिंता असते. दिल्लीच्या थंडीत ती रास्त आहे. वेंगुर्ल्यात किंवा मालवणात हवाच इतकी ओलसर असते की तो भार टिकत नाही. आपल्याकडे माळ्यावरची पेटी उघडली की आधी बुरशीच दिसते: पांढरट, जाळीदार, लेबलापासून कडेकडे पसरलेली.

ती पुसायला हात घालण्यापूर्वी तबकडी कशाची आहे ते ओळखायला हवं. जड, टणक, पडली तर काचेसारखी फुटणारी आणि मिनिटाला ७८ फेरे घेणारी असेल तर ती लाखेची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या स्रावापासून ही लाख मिळते. एके काळी जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः भारतातूनच जात असे. तिच्यात दगडाची भुकटी, काजळी, थोडे कापसाचे तंतू मिसळून ते मिश्रण गरम साच्यात दाबत. दुसरी जात विनाइलची, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकची. अमेरिकेत १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि पुढच्या वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी. भारतात मात्र १९६०च्या दशकातही लाखेच्या रेकॉर्डी निघत होत्या. चाकरमान्यांनी मुंबईहून गावी आणलेल्या आणि लग्नामुंजीत, गणपतीत कर्ण्यावर वाजलेल्या तबकड्यांच्या पेटीत त्यामुळे दोन्ही जाती सापडतात.

हा फरक जिवावरचा आहे, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. विनाइलवर पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. तेच लाखेच्या तबकडीवर फिरवलं की खाचा पुसट होतात आणि त्या परत येत नाहीत. म्हणून दोन्हींसाठी साधी रीत बरी. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात बिनवासाच्या भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब आणि मऊ ब्रश. ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवायचा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढायचा. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी नको, सुकल्यावर त्यातले क्षार खाचेत राहतात. लेबल कोरडं ठेवायचं आणि लाखेची तबकडी भिजत घालायची नाही, कारण तिच्यातले तंतू पाणी पितात. बुरशी असेल तर हे काम नाकातोंडाला मास्क लावून बाहेर पडवीत करावं. वाळवताना तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि उन्हापासून लांब. ऊन लागलं की विनाइल वाकतं.

आता खाचेकडे येऊ, कारण सगळं गाणं तिथेच आहे. लाँग प्लेच्या एका बाजूला खाच एकच असते, बाहेरून आत गेलेली, साधारण ४०० मीटर लांब. सुई तिच्यातून जाताना डावीउजवीकडे हलते आणि ते हलणं म्हणजेच आवाज. हे हलणं किती बारीक असतं? एक हजार हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा, बऱ्यापैकी मोठा सूर घेतला तर सुई मधल्या जागेपासून जेमतेम ८ मायक्रॉन सरकते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, त्याच्या एक दशांश. सुईच्या मागे लहानसं चुंबक आणि तारेची वेटोळी असतात. चुंबक हललं की वेटोळ्यांत काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो, आणि पुढच्या सगळ्या यंत्रणेच्या हाती तेवढाच लागतो.

तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ फक्त २१. तेच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबावं लागतं. दहा हजार हर्ट्झच्या सुराची एक लाट आतल्या खाचेत २१ मायक्रॉनमध्ये बसलेली असते. गोल टोकाच्या नेहमीच्या सुईची त्रिज्या १८ मायक्रॉन, म्हणजे सुईच त्या वळणात मावत नाही. बाजूचं शेवटचं गाणं बोथट आणि फाटल्यासारखं लागतं ते यामुळे. लंबगोल टोकाची सुई लावली, जिची अरुंद बाजू आठेक मायक्रॉनची असते, तर त्यातलं बरंच हाती येतं. सुई बदलायला जे पैसे जातात ते आवाज साफ करण्याच्या कोणत्याही प्रोग्रॅमवर घालवण्यापेक्षा चांगल्या कामी लागतात, असं माझं ठाम मत आहे. सुईने जे वाचलंच नाही ते संगणकाला पुढे मिळणार कुठून?

लाखेच्या तबकडीची खाच याहून बरीच रुंद. तिला सुमारे ७० मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. लाँग प्लेची सुई तिच्यात टेकवली तर ती थेट तळाशी जाऊन कचऱ्यातून घासत राहते आणि खरखरीशिवाय फारसं काही ऐकू येत नाही. इथे त्या तबकड्यांचा इतिहास कामी येतो. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरून आवाज काढणारी डबी, शंभर ग्रॅमहून जास्त वजनाने खाचेवर बसे. आजचं कार्ट्रिज, म्हणजे सुई, चुंबक आणि वेटोळी बसवलेली डबी, लाँग प्लेवर दीड-दोन ग्रॅमच टेकतं. पोलादी सुई मुद्दाम मऊ असे आणि तबकडीतली दगडाची भुकटी सहाणेसारखी तिला घासून पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या मापाची करून घेई. म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची, असा नियम होता. घरोघरी तो पाळला जात नसे. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली की तिला धारदार कड येई आणि ती खाचेची भिंत खरवडे. लोकांच्या आवडीच्या तबकड्याच त्यामुळे सर्वांत जास्त झिजलेल्या आहेत.

पण झीज सगळ्या भिंतीवर सारखी नसते. जुनी सुई ज्या उंचीवर टेकायची तेवढाच पट्टा खराब होतो, त्याच्या वरची आणि खालची भिंत पुष्कळदा शाबूत असते. थोडी जाड सुई वापरली तर ती वर टेकते, थोडी बारीक वापरली तर खाली, आणि पन्नास वर्षं ज्या भागाला कोणी शिवलेलं नाही तो वाचता येतो. ध्वनिसंग्रहालयांतली माणसं म्हणूनच वेगवेगळ्या मापांच्या सुया जवळ ठेवतात आणि एकाच तबकडीवर आलटून पालटून लावून पाहतात. हा फरक कानाने ऐकण्यासारखा असतो. एका सुईखाली गाणाऱ्याची तान नुसती चरचरते, दुसऱ्या सुईखाली तिच्यातले स्वर सुटे होतात.

या तबकड्या मोनो, म्हणजे डावाउजवा असा वेगळा आवाज नसलेल्या, असल्या तरी स्टीरिओ कार्ट्रिजनेच उतरवाव्यात. त्यांत आवाज फक्त आडव्या हालचालीत भरलेला असतो, सुईचं वरखाली होणं म्हणजे निव्वळ घाण आणि ओरखडे. स्टीरिओ कार्ट्रिज खाचेच्या दोन भिंती वेगवेगळ्या वाचतं. पुढे दोन्ही भिंतींचे आवाज एकत्र केले की उभ्या हालचालीचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. एक भिंत फारच झिजलेली असेल तर तिला वगळून दुसरीच ठेवता येते.

गतीचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो थेट गाण्याच्या पट्टीशी भिडतो. ७८ हा आकडा नंतर स्थिरावला. ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं ते १९०२ साल. त्या काळात आणि पुढेही बरीच वर्षं मुद्रणाची गती सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठेही असे. समजा गाणं ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालं आणि आपण ते ७८ वर वाजवलं. काळी एकमध्ये गाणारा गायक जवळपास पांढरी दोनमध्ये गेलेला ऐकू येईल आणि तीन मिनिटं वीस सेकंदांचं पद दहा सेकंद आधी संपेल. आवाज पातळ होतो, तानांना नसलेली घाई येते, आणि आपण म्हणतो की जुनी माणसं फार चढ्या स्वरात गात. यावर आपल्या संगीतातच एक आधार आहे. नाट्यपदाच्या साथीला ऑर्गन किंवा पेटी असते आणि त्यांच्या पट्ट्यांचे स्वर कारखान्यातच ठरलेले असतात. साथीचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबकळत असेल तर गती चुकलेली आहे. जुन्या पेट्या आजच्या मापाशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून यातून अचूक आकडा मिळत नाही, पण मोठी चूक पकडली जाते. आपल्या वाडीतल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला शेजारी बसवावं, त्याचा कान इथे फार उपयोगी पडतो.

हल्लीच्या अनेक टर्नटेबलवर ७८ ची गती नसते. तरी अडत नाही. योग्य सुई लावून तबकडी ४५ वर उतरवायची आणि संगणकात गती १.७३३ पट करायची. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. खाच कापताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. खर्जाचे झोके मोठे असतात, ते तसेच कापले तर शेजारच्या खाचेत घुसतील. वरचे स्वर उचलून ठेवले की वाजवताना ते खाली आणता येतात, आणि त्यांच्याबरोबर सुईची खसखसही खाली येते. किती दाबायचं आणि किती उचलायचं याचं आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) हे सामाईक माप १९५४ मध्ये ठरलं. फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक विद्युतदाब वाढवणारा डबा, त्या मापानेच उलटी दुरुस्ती करतो. त्याआधीच्या तबकड्यांना ते माप बसत नाही आणि गती बदलून उतरवलेल्यांना तर मुळीच नाही. त्यांचा आवाज दुरुस्तीशिवाय, सपाट उतरवावा आणि मग संगणकात तबकडीच्या काळाप्रमाणे दुरुस्ती द्यावी. १९२५ पूर्वीच्या मुद्रणात गायक कर्ण्यात तोंड घालून गात असे, मायक्रोफोन नव्हताच. तिथे डग्ग्याचा घुमारा शोधू नये, तो तबकडीत गेलेलाच नाही.

खर्जात सतत घरघर येत असेल तर ती बहुधा विजेची असते, ५० हर्ट्झची. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग लागणं कठीण, आणि उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखीच. टर्नटेबलची अर्थ-तार प्रीअँपला जोडलेली आहे ना ते पाहावं आणि लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. पुष्कळदा एवढ्यावर काम भागतं.

संगणकात आवाज जातो तो आकड्यांच्या रूपात. ठरावीक वेळाने विद्युतदाब मोजायचा आणि तो आकडा लिहून ठेवायचा. जितक्या उंच स्वरापर्यंत पोचायचं त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंत जातो, म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापं ठरली. मग संग्रहालयं ९६,००० चा आग्रह का धरतात, जुन्या तबकडीत इतके उंच स्वर नसताना? कारण ओरखड्यांचा टचटच आवाज फार अणकुचीदार असतो. मोजमापं दाट असली की तो तसाच टोकदार दिसतो आणि प्रोग्रॅमला त्याला तबल्याच्या थापेपासून वेगळं काढता येतं. प्रत्येक मोजमाप लिहायला १६ ऐवजी २४ बिट घ्यायचे ते आवाजाची पातळी खाली ठेवण्याची मुभा मिळावी म्हणून. सर्वांत मोठा आवाज कमाल पातळीच्या दहा-बारा डेसिबल खाली राहू द्यावा, कारण वरचं टोक एकदा कापलं गेलं की ते जोडता येत नाही. या मापाने मिनिटाला साधारण ३४.५ मेगाबाइट लागतात, वीस मिनिटांच्या बाजूला जवळजवळ ७०० मेगाबाइट. फ्लॅक पद्धतीत तीच फाइल काहीही न गमावता आटोपशीर होते. एमपी३ मात्र आवाजातले काही भाग कायमचे टाकून देते. नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायला ती ठीक, जपून ठेवायला नाही.

आणि उतरलेली पहिली फाइल खरखरीसकट जशीच्या तशी ठेवावी. साफसफाई तिच्या प्रतीवर करावी. ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅमनेही खरखर उतरते, पण हात जरा सैल सोडला की तिच्याबरोबर तानपुऱ्याची जवारी आणि गाणाऱ्याचा श्वासही निघून जातो. दहा वर्षांनी याहून चांगले प्रोग्रॅम येतील, तेव्हा त्यांना द्यायला मूळ फाइल हातात असायला हवी. तिची एक प्रत घरी, संगणकापासून सोडवून ठेवलेल्या डिस्कवर असावी, वळवाच्या विजेत यंत्रं जळतात म्हणून. दुसरी मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे द्यावी. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं, त्यानंतर एकाच गावात सगळं ठेवावं असं कोणालाही सांगवत नाही.

सगळीच पेटी एकदम उतरवणं कोणाला जमत नाही, कारण वीस मिनिटांच्या बाजूला वीस मिनिटं द्यावीच लागतात. म्हणून सुई टेकवण्याआधी लेबलाचा स्वच्छ फोटो काढावा, आणि लेबलाभोवतीच्या मोकळ्या जागेत कोरलेला क्रमांक तिरप्या उजेडात वाचून फाइलच्या नावात लिहावा. बहुतेक वेळा त्या क्रमांकावरून मुद्रण नेमकं कोणतं ते ठरतं. मुंबईत १९९० पासून काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संग्राहकांच्या संस्थेने असे क्रमांक जुळवण्याचं पुष्कळ काम केलेलं आहे. इंटरनेट आर्काइव्हवर ७८ च्या हजारो तबकड्या ऐकायला मिळतात. तिथे चांगल्या प्रतीवरून उतरवलेलं गाणं आधीच असेल तर आपली झिजलेली प्रत मागे ठेवायला हरकत नाही. जो क्रमांक कुठेच सापडत नाही, ज्या गायकाचं नाव फक्त आपल्याच तालुक्यात माहीत आहे, ती तबकडी आधी धुवायला घ्यावी.