ब्रायटन की ब्लॅकपूल? इंग्लंडच्या दोन किनाऱ्यांची गल्लत

दोन्ही नावं 'ब' वरून. दोन्हीकडे पाण्यात लांबवर शिरलेले लोखंडी धक्के, म्हणजे पिअर. त्यात भर अशी की ब्लॅकपूलचा नॉर्थ पिअर (१८६३) आणि ब्रायटनचा वेस्ट पिअर (१८६६) उभारणारा इंजिनिअर एकच, युजिनियस बर्च. फोटो पाहून घोटाळा झाला तर नवल नाही. अशा वेळी किनारा बघावा: वाळू दिसली तर ब्लॅकपूल, गोटेच गोटे दिसले तर ब्रायटन.

पण खरा फरक गिऱ्हाइकाचा आहे.

दक्षिणेकडचं ब्रायटन मुळात मासेमारांचं गाव. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये समुद्राचं पाणी औषधी असल्याचा ग्रंथ लिहिला (ते प्यायचंसुद्धा!) आणि श्रीमंत रोगी तिकडे वळले. १७८३ मध्ये युवराज जॉर्ज (पुढचे राजे चौथे जॉर्ज) आले, पुढे वास्तुविशारद जॉन नॅश यांनी त्यांच्यासाठी घुमट-मिनारांचा रॉयल पॅव्हिलियन उभारला. बाहेरून अगदी हिंदुस्थानी थाट. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांचं मालिश-स्नानगृहही याच गावात चाललं. 'शॅम्पू' हा शब्द आपल्या चंपीचाच नातेवाईक. व्हिक्टोरिया राणीला मात्र तो महाल रुचला नाही, आणि १८५० मध्ये तो गावानेच विकत घेतला. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. तिथल्या हिंदू आणि शीख मृतांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, त्या जागी आज 'छत्री' हे संगमरवरी स्मारक आहे.

वायव्येकडच्या ब्लॅकपूलला राजा-राणीशी काही देणंघेणं नव्हतं. ते गिरणी कामगारांनी घडवलं. १८४६ मध्ये रेल्वे पोचली. लँकेशायरमधलं प्रत्येक गिरणीगाव वर्षातून ठरलेला एक आठवडा बंद राहायचं, भोंगा थांबायचा, आणि अख्खी वस्ती वर्षभर साठवलेले पैसे घेऊन समुद्रावर लोटायची. लालबाग-परळचा कामगार सुट्टीत कोकणात गावी जायचा, तसा हा ब्लॅकपूलला. गावांचे आठवडे वेगवेगळे, त्यामुळे हंगाम लांबायचा. मालकीणबाईंच्या लॉजमध्ये एक कुटुंब गेलं की दुसरं हजर. याच पैशावर १८८५ मध्ये विजेची ट्राम आली, १८९४ मध्ये आयफेल टॉवर पाहून बांधलेला १५८ मीटरचा मनोरा आला. शरद ऋतूतली दिव्यांची रोषणाई तर हंगाम आणखी ताणायची युक्तीच. माझ्या मते सामान्य माणसाच्या सुट्टीचा इतिहास वाचायचा तर ब्रायटनपेक्षा ब्लॅकपूलच वाचावं.

१९६० नंतर स्वस्त विमानं लोकांना स्पेनच्या उन्हात नेऊ लागली. फटका दोघांनाही बसला. पण ब्रायटनहून लंडन रेल्वेने तासाभरावर, शेजारी १९६१ चं ससेक्स विद्यापीठ. पर्यटक घटले तरी विद्यार्थी आणि रोज लंडनला ये-जा करणारे नोकरदार येत राहिले. ब्लॅकपूलच्या मागे लंडन नव्हतं. होत्या त्या गिरण्या, आणि त्याही बंद पडत गेल्या. लॉजच्या खोल्या स्वस्त भाड्याने जाऊ लागल्या, आणि ज्यांना दुसरीकडे परवडत नाही असे लोक तिथे आले. इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित दहा वस्त्यांपैकी आठ २०१९ च्या सरकारी पाहणीत एकट्या ब्लॅकपूलच्या होत्या. त्याआधी २००७ मध्ये महाकॅसिनोची आशा होती, पण तज्ज्ञ समितीने मँचेस्टरला कौल दिला आणि पुढे ती योजनाच गुंडाळली गेली.

म्हणून ब्रायटनमध्ये सगळं झकास आहे असं समजू नका. बर्च यांचा तिथला पिअर १९७५ मध्ये बंद झाला, २००३ मध्ये जळाला, आणि आता पाण्यात त्याचा गंजका सांगाडा उरला आहे. ब्लॅकपूलच्या नॉर्थ पिअरवर मात्र अजूनही लोक फेरफटका मारतात.