पगचं घोरणं म्हणजे त्याचा स्वभाव नव्हे

सांगलीच्या विश्रामबागेत संध्याकाळी फिरायला बाहेर पडलं की एखादा तरी पग, म्हणजे ते चपट्या नाकाचं छोटं कुत्रं, भेटतोच. मालकाचं कौतुकही ठरलेलं: "भारी आळशी आहे हो. चार पावलं चालला की बसलाच. आणि झोपेत आमच्या ह्यांच्यावर ताण घोरतो!" २००३ च्या सुमारास मोबाइलच्या जाहिरातीत पोरामागे धावणारा पग सगळ्यांनी पाहिला आणि तो घरोघरी आला. माणसाला चिकटून राहणारा, खादाड, राखणीला निरुपयोगी, ही त्याची ओळख खरीच आहे. पण आळस, घोरणं आणि ते 'हसरं' तोंड यांतलं बरंचसं त्याच्या श्वासमार्गाचं गाऱ्हाणं असतं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये, त्यांचा उपयोग नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर काढायची ती धापा टाकून. हवा नाकातून आत जाते, तिथे कागदाच्या सुरळीसारख्या गुंडाळलेल्या पातळ हाडांवरच्या ओल्या त्वचेवरून सरकते आणि पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. धाप मिनिटाला तीनशेच्या घरात गेली तरी निरोगी कुत्रं दमत नाही, कारण हा वेग त्याच्या छातीच्या नैसर्गिक कंपनाच्या जवळपास असतो. बरगड्या आणि फुप्फुसं आपल्या लवचिकपणानंच मागे येतात, स्नायूंना फारसं राबावं लागत नाही. मुधोळ हाऊंडचं ते लांबलचक नाक हे काम झकास करतं.

पगचं नाक माणसानं निवडून निवडून आखूड केलं. हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या प्रमाणात घटलं नाही. मऊ टाळू घशात लोंबते, नाकपुड्या फटीएवढ्या उरतात. नळीतून हवा संथ वाहत असेल तर तिला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की विरोध १६ पट. कुत्रं मग जोर लावून श्वास ओढतं, त्या ओढीनं घशातलं मांस आत खेचलं जातं, सुजतं, वाट आणखी अरुंद होते. वर स्नायूंच्या श्रमाची उष्णता वेगळीच. ज्या धापेनं थंड व्हायचं, तीच तापवायला लागते. वळीव पडून गेल्यावर हवा दमट असते, तेव्हा वाफही नीट होत नाही. पारा उतरला म्हणून निर्धास्त राहू नये.

ब्रिटनमधल्या २०१२ च्या एका पाहणीत, श्वासाचा त्रास असलेल्या कुत्र्यांच्या निम्म्याहून अधिक मालकांनी आपल्या कुत्र्याला त्रास नसल्याचंच सांगितलं होतं. आपल्याकडे नजर लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा आवळतात. पगचा गळा आवळायला वाईट नजरेची गरज नाही, मालक पुरेसा आहे. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बांधायचा हार्नेस घ्या.

एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी लवकर, नाहीतर चांगला अंधार पडल्यावर. वजन वाढू देऊ नका, चपातीचा तुकडा मागून मागून तो तुम्हाला हरवणारच. सुरकुत्या रोज पुसून कोरड्या करा. सांगलीकर म्हणून तिथे हळद भरू नका, डोळे बोटभर अंतरावर आहेत आणि ते बाहेर आलेले असल्यानं त्यांना चटकन जखम होते. जीभ निळसर पडली किंवा तोल गेला तर आधी अंगावर थंड पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू कमी करण्याची शस्त्रक्रियाही होते.

पिल्लू घ्यायचंच असेल तर 'मिनी', 'टीकप' असल्या नावांना भुलू नका. आधी त्याच्या आईला पाच मिनिटं चालवून दाखवायला सांगा आणि गप्पा न मारता तिचा श्वास ऐका.