इंग्रजी लेखनातील चुका : मराठवाड्यातील मराठीभाषक विद्यार्थी

मराठीची वाक्यरचना, प्रत्यय व काळव्यवस्था इंग्रजीत उतरल्यामुळे किंवा इंग्रजीचाच एखादा नियम गरजेपेक्षा ताणल्यामुळे विद्यार्थ्यांच्या लेखनात पुन:पुन्हा दिसणाऱ्या चुका. घाईतली हातचूक आणि मनात बसलेल्या नियमातून आलेली चूक असा भेद भाषाशास्त्रज्ञ कॉर्डर यांनी १९६७ मध्ये केला. येथे दुसऱ्या प्रकाराचाच विचार केला आहे.

मराठीत उपपदे नाहीत. त्यामुळे ‘ए’, ‘द’ गळतात, नाहीतर ‘एक माणूस आला’ याचे ‘वन मॅन केम’ होते. ‘विषयी चर्चा’मुळे ‘डिस्कस अबाउट’, ‘-शी लग्न’मुळे ‘मॅरिड विथ’ आणि ‘जरी–तरी’च्या जोडीमुळे ‘ऑल्दो–बट’ लिहिले जाते. ‘काल मी लातूरला गेलो होतो’ हे मराठीत साधे विधान आहे. इंग्रजीत मात्र त्याचे ‘आय हॅड गॉन’ केले की आणखी एका घटनेची अपेक्षा निर्माण होते. आदरार्थी बहुवचनाचे उदाहरण विशेष बोलके आहे. ज्या वहीत ‘माय फादर आर फार्मर’ असते, तिच्यातच पुढच्या ओळीला ‘माय मदर इज’ बरोबर येते. कारण वडील ‘आहेत’ आणि आई ‘आहे’. अशा मुलाला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. ते मराठीचा नियम काटेकोरपणे पाळत असते.

सर्वाधिक मतभेद अपूर्ण काळाविषयी आहेत. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही वाक्ये बहुधा एकाच सदरात टाकली जातात व त्यांचे मूळ सरसकट मातृभाषेत शोधले जाते. दुसऱ्या मतानुसार वर्गात ‘आय ॲम रायटिंग’सारख्या कृतिवाक्यांचा सराव फार होतो आणि तोच साचा सर्व क्रियापदांना लावला जातो. मराठवाडी बोली विचारात घेतल्यास ही दोन वाक्ये वेगळी ठेवणे अधिक योग्य वाटते. बोलीत ‘काय करायलास?’, लातूर-धाराशिवकडे ‘काय करुलालास?’ अशी चालू क्रियेची रूपे आहेत आणि ती ‘मला समजायलं नाही’, ‘दिसायलंय’ अशी अनुभववाचक क्रियापदांनाही सहज लागतात. म्हणून ‘अंडरस्टँडिंग’चा उगम बोलीत असणे शक्य आहे. ‘हॅविंग’चे तसे नाही. ‘मला दोन भाऊ असायलेत’ असे कोणी म्हणत नाही. तेथे अतिसरावाचे स्पष्टीकरणच पटते. शिवाय अशी वाक्ये भारतातील अन्य भाषकांतही आढळतात. तुलनेसाठी केवळ प्रमाण मराठी घेतल्यास हा भेद नजरेतून सुटतो.

१९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व इंग्रजी सक्तीचा विषय होता. ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ या उच्चारांचा संबंध दखनीशी, म्हणजे दख्खनमधील उर्दू बोलीशी, जोडला जातो. लेखनातील चुकांवर मात्र दखनीचा प्रभाव फारसा दिसत नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये सुरू झाले.

लिपीमुळे होणाऱ्या चुका थोड्या, पण चिवट आहेत. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, म्हणून विशेषनामे लहान अक्षराने सुरू होतात. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन इंग्रजी वर्णांसाठी मराठीत मुळात एकच ‘व’ असल्याने ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांच्या स्पेलिंगची गल्लत होते. विरामचिन्हांची अडचण त्या मानाने कमी आहे. ही चिन्हे मराठीतही इंग्रजीवरूनच आली व त्याचे श्रेय सामान्यतः एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कोशकार मेजर कँडी यांना दिले जाते.

काही चुकांचे खापर मराठीवर फोडता येत नाही. रजेच्या अर्जातील ‘माय सिस्टर मॅरेज’मध्ये षष्ठी गळते, पण मराठीत ‘बहिणीचं लग्न’ असा प्रत्यय ठळकपणे असतो. ‘डिड नॉट वेन्ट’मध्ये भूतकाळ दोनदा येतो, मराठीच्या ‘गेलो नाही’मध्ये तो एकदाच असतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती लहान मुलेही बोलायला शिकताना भूतकाळ असा दोनदा लावतात.