पंधरा चिंचोके, दहा कवड्या

पंधरा चिंचोके, दहा कवड्या आणि पाच वाट्या घ्या. प्रत्येक वाटीत पाचच नग, आणि ज्याचे नग जास्त, वाटी त्याची. एका वाटीत पाचही चिंचोके टाका, दुसरीत चार चिंचोके नि एक कवडी. उरलेल्या तिन्ही वाट्यांत तीन कवड्या, दोन चिंचोके. संपलं! दहाच असूनही कवड्यांनी तीन वाट्या मारल्या.

वाटीच्या जागी मतदारसंघ आणि नगांच्या जागी मतं धरा; मतदारसंघांच्या सीमा अशा सोयीने आखण्याच्या या हातचलाखीला अमेरिकेत जेरीमँडरिंग म्हणतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीने झालेला एक मतदारसंघ सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा वळवळता दिसत होता, त्यावरून हे नाव पडलं.

२०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात संसदेच्या मतदारसंघांचा नकाशा आखताना रिपब्लिकन आमदार डेव्हिड लुइस यांनी आडपडदा ठेवलाच नाही. १३ पैकी १० जागा रिपब्लिकनांना मिळाव्यात, कारण ११ जमतील असं वाटत नाही, असं ते विधिमंडळाच्या समितीत बोलले. ग्रीन्सबरोतल्या एका कृष्णवर्णीय विद्यापीठाचं आवार मधोमध चिरून दोन मतदारसंघांत गेलं. त्या वर्षी ५३ टक्के मतांत पक्षाला बरोब्बर १० जागा मिळाल्या.

पण हे मुद्दाम केलं की भूगोलामुळे झालं, हे कसं ठरवायचं? ड्यूक विद्यापीठातले गणिती जोनाथन मॅटिंग्ली यांनी संगणकाकडून पक्ष न बघता २४ हजारांवर नकाशे काढून घेतले. समान लोकसंख्या, सलग प्रदेश, आटोपशीर आकार, असे नियम. मग प्रत्यक्षात पडलेली मतं त्यांत ओतली. ९९ टक्क्यांहून अधिक नकाशांत डेमोक्रॅटांना निदान एक जागा जास्त मिळत होती. मला तरी याहून नेटका पुरावा सुचत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला तो पुरला नाही. जून २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला. अशी आखणी लोकशाहीशी विसंगत आहे हे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मान्य केलं, पण किती म्हणजे अति हे मोजायला न्यायालयाकडे कसोटी नाही, असं म्हणून संघीय न्यायालयांचं दार लावून घेतलं. न्यायमूर्ती केगन यांनी विरोधी निकालपत्रात हेच नकाशे पुढे केले.

मग उरली राज्यं. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने २०१८ मध्येच नकाशा बदलायला लावला आणि रिपब्लिकन-डेमोक्रॅट जागांचं १३-५ चं ९-९ झालं. नॉर्थ कॅरोलायनाच्या न्यायालयानेही २०२२ मध्ये नकाशा रद्द केला, पण तिथे न्यायमूर्तीही निवडून येतात; निवडणुकीत तेच बदलले नि २०२३ मध्ये निकाल फिरला. ७-७ चं २०२४ मध्ये १०-४ झालं.

आमदारांऐवजी स्वतंत्र आयोगाकडून आखणी करून घ्यायची वाट जास्त भरवशाची वाटायची. मिशिगनने आखणी सामान्य नागरिकांच्या हाती दिली, कॅलिफोर्नियाने त्याआधीच. मात्र २०२५ मध्ये टेक्सासने दहा वर्षांची नेहमीची मुदत संपण्याआधीच नकाशा बदलला, तेव्हा त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच आपल्या आयोगाचा संसदीय नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला.