टोपणाचं भोक शाईसाठी नाही

बॉलपेनच्या टोपणाला टोकाशी भोक असतं. ते शाई वाळू नये म्हणून, असं शाळेपासून सांगितलं जातं. पण शाई वाळू द्यायची नसेल तर भोक बुजवायला हवं, पाडायला नव्हे! बॉलपेनची शाई दाट, तेलकट असते. हवेने ती सहजी वाळत नाही.

भोक आहे ते श्वासासाठी. मुलं टोपण चघळतात. ते श्वासनलिकेत अडकलंच, तर निदान थोडी हवा आत-बाहेर होत राहावी. आयएसओ 11540 हे आंतरराष्ट्रीय मानक 14 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पेनांसाठी आहे. टोपण एकतर घशात जाणार नाही इतकं मोठं हवं, नाहीतर त्यातून मिनिटाला किमान 8 लिटर हवा जायला हवी. बिक क्रिस्टल हे पेन 1950 चं, पण त्याच्या टोपणाला भोक आलं 1991 मध्ये.

त्याच पेनाच्या दांडीवर मधोमध आणखी एक बारीक छिद्र असतं. ते मात्र आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा ठेवतं, म्हणून शाई नीट उतरते. गोंधळ बहुधा इथूनच झाला असावा.

खरी कसोटी स्केचपेनची. तिथे शाई पाण्याची, भोक पाडलं की टोक वाळणार. म्हणून काही टोपणांत आत टोकावर घट्ट बसणारी छोटी वाटी असते आणि तिच्या भोवतीने हवेला वाट. मला ही रचना फार आवडते.

तरीही भोकावर विसंबू नका. टोपण अडकल्याची शंका आली तरी मुलाला लगेच रुग्णालयात न्या.