पॅलेस्टिनी प्रदेशातील आर्थिक हलाखी

इस्रायलने 1967 मध्ये ताब्यात घेतलेल्या वेस्ट बँक आणि गाझा पट्टीतील जनतेचे राहणीमान अलीकडच्या वर्षांत खूप खालावले आहे. तिथे शिकलेली माणसे भरपूर आहेत, शेती-बागायतीची परंपरा जुनी आहे. सीमा, करवसुली आणि चलन मात्र पॅलेस्टिनींच्या हाती नाही, आणि हलाखीचे मूळ मुख्यतः तिथेच आहे.

29 एप्रिल 1994 च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनी प्रदेशात येणाऱ्या मालावरचा कर इस्रायल गोळा करतो आणि 3 टक्के कापून उरलेली रक्कम दरमहा पॅलेस्टिनी प्राधिकरणाला, म्हणजे पॅलेस्टिनींच्या मर्यादित स्वराज्य सरकारला, त्याने द्यायची असते. करार पाच वर्षांपुरता होता. तो अजून चालूच आहे. प्राधिकरणाचा निम्म्याहून अधिक महसूल यातूनच येत आला आहे. हमासने 2006 ची निवडणूक जिंकल्यावर हा पैसा अडवला गेला, 2011 मध्ये युनेस्कोचे सदस्यत्व मिळाल्यावरही. प्राधिकरण इस्रायली तुरुंगांतल्या पॅलेस्टिनी कैद्यांच्या कुटुंबांना भत्ते देत असे म्हणून 2019 पासून त्यात कपातही झाली. नोव्हेंबर 2021 पासून शिक्षक, परिचारिका, पोलीस यांना पूर्ण पगार मिळालेला नाही. पगार अर्धाच हातात पडला की वाण्याची उधारी थकते आणि मग वाण्याचेही घाऊक व्यापाऱ्याकडे देणे राहते. प्राधिकरणातला भ्रष्टाचार आणि प्राधिकरण चालवणारा फताह पक्ष आणि हमास यांच्यातली 2007 ची फूट यांनीही नुकसान केलेच.

वेस्ट बँकेतले दीड लाखाहून अधिक मजूर इस्रायलमध्ये आणि वेस्ट बँकेतल्याच इस्रायली वसाहतींत कामाला जात. तिथली मजुरी गावच्या दुपटीहून जास्त असे. हमासच्या 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यानंतर बहुतेकांचे परवाने थांबले आणि वेस्ट बँकेतली बेरोजगारी 30 टक्क्यांवर गेली. त्यांच्या जागी बांधकामासाठी भारतातून कामगार नेले गेले; 2024 मध्ये महाराष्ट्रातही भरती झाली. वेस्ट बँकेचा सुमारे 60 टक्के भाग असलेल्या ‘क’ क्षेत्रात बांधकाम, विहिरी, खाणी यांसाठी इस्रायलची परवानगी लागते. हे निर्बंध उठले तर पॅलेस्टिनी उत्पन्न सुमारे 35 टक्क्यांनी वाढेल, असा जागतिक बँकेचा 2013 चा अंदाज आहे. इस्रायल निर्बंधांमागे सुरक्षेचे कारण देतो, पण पगार आणि मजुरी अडवल्याने सामान्य कुटुंबांनाच शिक्षा होते.

गाझाची इस्रायली नाकेबंदी 2007 पासूनची. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातल्या ऑस्लो करारात 20 सागरी मैलांपर्यंत मासेमारी मान्य होती. कोळ्यांना कित्येकदा 6, कधी 3 मैलांच्या आतच अडवले गेले. युद्धाआधीच तिथे जवळपास निम्मे लोक बेकार होते. ऑगस्ट 2025 मध्ये गाझा शहर आणि परिसरात अन्नाचा दुष्काळ जाहीर झाला. बँका उद्ध्वस्त, नव्या नोटांना मज्जाव; त्यामुळे स्वतःच्याच खात्यातले पैसे रोख मिळवण्यासाठी लोकांना दलालांना 40 टक्क्यांपर्यंत कमिशन मोजावे लागले.