गोव्यातील घनकचरा व्यवस्थापन

घरे, बाजार, हॉटेले, कारखाने आणि समुद्रकिनारे यांतून निघणारा कचरा निघतो तिथेच वेगळा करणे, गोळा करणे, त्यावर प्रक्रिया करणे आणि मुळात तो कमी निघेल असे पाहणे, या साऱ्या कामाला मिळून घनकचरा व्यवस्थापन म्हणतात. गोव्यात बोलताना कचऱ्याला कोंकणीतला ‘कोयर’ हा शब्द सर्रास वापरतात. ‘ओला’ आणि ‘सुका’ ही विशेषणेही आता घराघरांत रुळली आहेत.

राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १४.५८ लाख. शिवाय २०२४ या एका वर्षात एक कोटीहून अधिक पर्यटक येऊन गेले. पूर्वेला सह्याद्रीची अभयारण्ये, पश्चिमेला किनारा, मध्ये नद्या, खाजन शेते (खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेते), खाणींचा पट्टा आणि एकमेकांना खेटून बसलेली गावे, असा हा प्रदेश आहे. कचरा गावाबाहेर नेऊन टाकावा म्हटले तर ‘गावाबाहेर’ अशी जागाच इथे सापडत नाही. एका गावाची वेस संपते तिथे दुसऱ्याचे भाट, म्हणजे माडांची बागायत, सुरू होते, आणि त्या भाटात विहीर असते. वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि जमीन सच्छिद्र जांभ्याची आहे. उघड्या ढिगातून झिरपणारे काळे पाणी त्यामुळे फार दिवस एका जागी राहत नाही. गोव्यातील कचऱ्याचे जवळजवळ सगळे तंटे या भूगोलातून उभे राहिले आहेत.

जुनी रीत. नारळाचे उदाहरण घ्यावे. सोडणे (नारळाची वरची काथ्याची साले) आणि करवंट्या न्हाणीतल्या भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या भांड्याखाली, जळत, झावळ्यांची झापे विणली जात, हिरांची केरसुणी होई, चुलीतली राख भांडी घासायला आणि उरलेली झाडांना जाई. मासळी धुतलेले पाणी माडाच्या अळ्यात, डोकी आणि काटे मांजराला. जेवणावळीतल्या केळीच्या पानांना आणि पत्रावळींना गाईगुरे होती. काचेच्या बाटल्या तर जपूनच ठेवत, कारण खोबरेल आणि फेणी त्यांतच भरायची असे. ही घडी सुंदर होती हे खरेच, पण ती बायकांच्या कष्टांवर चालत असे, आणि त्या काळच्या टाकाऊ वस्तूंत न कुजणारे फारसे काही नव्हते, हेही तितकेच खरे. घरात गॅस आणि न्हाणीत गिझर आल्यावर सोडण निरुपयोगी झाली. मडगाव-म्हापशाच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ती ठेवायची तरी कुठे? वस्तू तीच, पण तिला लागणारी चूल गेली आणि तिचा कचरा झाला.

कचरापेट्या ते सोनसोडो. शहरे वाढली तशा पालिका मोकळी जागा पाहून कचरा ओतू लागल्या. पणजीचा कचरा कुडका येथे जाई. तेथील रहिवाशांच्या विरोधानंतर ती जागा बंद झाली. नंतर राजधानीसाठी बायंगिणी येथे प्रकल्प सुचवला गेला, तेव्हा त्यालाही जुने गोवे परिसरातून वर्षानुवर्षे विरोध झाला. मडगावचा सोनसोडो तर गोव्यात कचऱ्याच्या डोंगराचे दुसरे नावच होऊन बसला. मे २०१९ मध्ये त्या ढिगाला लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. अशा ढिगाला बाहेरून पाणी मारून भागत नाही. आत कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू तयार होत राहतो, भोवतीचे प्लॅस्टिक त्याला जळण पुरवते, आणि वरचा थर विझला तरी पोटात निखारा राहतो. म्हणून ढीग उपसावाच लागतो. जुना कचरा उकरून, वाळवून, फिरत्या चाळणीतून काढून त्याची माती, प्लॅस्टिक आणि दगडगोटे वेगळे करण्याच्या या कामाला बायोमायनिंग म्हणतात. ते गोव्यात सोनसोडो आणि साळगाव अशा दोन्ही ठिकाणी झाले आहे. विरोध करणाऱ्या गावांना प्रगतीचे शत्रू ठरवणे सोपे असते. परंतु ज्यांच्या विहिरीवर आणि नाकावर हा प्रयोग होणार, त्यांनी आधीचे ढीग डोळ्यांनी पाहिलेले असतात.

कायदे व यंत्रणा. न कुजणाऱ्या कचऱ्यावर नियंत्रण ठेवणारा गोव्याचा कायदा १९९६ चा आहे. केंद्राने २००० मध्ये केलेल्या नियमांची जागा २०१६ च्या घनकचरा नियमांनी घेतली. त्यांनी कचरा उगमापाशीच तीन प्रकारांत वेगळा करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली : कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. घन व घातक कचऱ्याचे काम पाहण्यासाठी राज्याने गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळ स्थापन केले. घातक औद्योगिक कचऱ्यासाठी पिसुर्ले येथे आणि रुग्णालयांतील कचऱ्यासाठी कुंडई येथे स्वतंत्र सोय आहे.

प्रक्रिया प्रकल्प. उत्तर गोव्याच्या किनारपट्टीचा कचरा साळगावच्या पठारावरील प्रकल्पात जातो. २०१६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला १०० टन होती, पुढे ती २५० टनांपर्यंत वाढवली गेली. दक्षिणेत काकोडा येथे १०० टन क्षमतेचा प्रकल्प आहे. साळगावला ओला कचरा बारीक करून हवाबंद टाक्यांत कुजवतात, निघणाऱ्या वायूवर वीज तयार होते आणि उरलेल्या चोथ्याचे खत करतात. सुका कचरा सरकत्या पट्ट्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले कामगार त्यातून पुठ्ठा, बाटल्या, डबे, पिशव्या वेचत राहतात. ज्याचा पुनर्वापर होत नाही, म्हणजे वेफर्सची चकाकती पाकिटे, थरांचे वेष्टण, फाटक्या चपला, त्याचे गठ्ठे बांधून कर्नाटकातील सिमेंटच्या भट्ट्यांत जळणासाठी पाठवतात. ही सोय आज आवश्यक आहे. पण तिला पुनर्वापर म्हणणे चूक, कारण आपण परराज्यात जाळण्यासाठी ट्रक भरत असतो.

पट्ट्यापाशी थोडा वेळ उभे राहिले की घरातल्या सवयी तिथे ओळीने दिसू लागतात. आमटीने माखलेला पुठ्ठा रद्दीत जात नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर ती वेचली जाते, नाहीतर आंबून इतर दहा पिशव्या बिघडवते. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकला तर तो इवलासा त्रिकोण कोणाच्याच हाती लागत नाही आणि खतात जाऊन बसतो. अर्धवट चीर देऊन तो पिशवीलाच लटकत ठेवावा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत असे नियम सांगतात. तसे केले नाही तर ते कोणाला तरी हाताने उचलावे लागतात. हे काम करणारे अनेक जण परराज्यांतून आलेले आहेत. घरात दोन डबे ठेवायचे ते आधी त्यांच्यासाठी.

पणजी आणि गावे. पणजी महापालिकेने रस्त्यावरच्या कचरापेट्या काढून दारोदार संकलन सुरू केले आणि वसाहतींतच खताचे हौद बांधले. पुढे सुक्या कचऱ्याचे बारीक प्रकार करत शहर सोळा प्रकारांच्या वर्गीकरणापर्यंत गेले. घर आणि कचऱ्याची जागा यांतले अंतर जेवढे कमी तेवढा कचरा स्वच्छ, हे तिथे दिसून आले. राज्यातील १९१ ग्रामपंचायतींची स्थिती मात्र सारखी नाही. सुका कचरा वेगळा करून साठवण्याची शेड प्रत्येक पंचायतीला हवी, पण जागा बहुधा कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) किंवा खासगी असते आणि शेजाऱ्यांची हरकत ठरलेली. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला, आणि न्यायालयाने पाठपुरावा केल्यावरच कित्येक पंचायती हलल्या. रात्री गाडीतून पिशवी भिरकावण्याच्या जागांना गोव्यात ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. महामार्गाच्या वळणांवर, पुलांच्या टोकांशी त्या असतात. पहाटे तिथे गाई पोचतात आणि उष्ट्यासकट पिशवी गिळतात.

पर्यटन. किनाऱ्यावरच्या कचऱ्यात काच आणि शहाळी भरपूर. शहाळे कुजायला महिनोनमहिने लागतात, म्हणून ते यंत्राने फाडूनच खतात घालावे लागते. काच वजनाने जड आणि भावाने हलकी, त्यामुळे भंगारवाल्याला तिचा ओढा नसतो. फुटलेल्या बाटलीने वाळूत पाय कापतात ते वेगळेच. उघड्यावर दारू पिणे आणि बाटल्या फोडणे यांवर दंड आहे. २०२४ मध्ये राज्याने वेष्टणावर अनामत रक्कम घेऊन रिकामे वेष्टण परत केल्यावर ती परत देण्याची योजना अधिसूचित केली. सोड्याच्या बाटलीवर दुकानदार जमा घेत असे ते दिवस ज्यांना आठवतात, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. जिला किंमत असते ती बाटली वाळूत पडून राहत नाही, म्हणून प्रस्तुत लेखकाला ही योजना दंडापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

पाऊस आणि चतुर्थी. पावसाळ्यात खताचा ढीग भिजून घट्ट बसतो, हवा आत जात नाही आणि वास सुटतो. ओल्या कचऱ्याच्या दर थरावर सुका पाला, भुसा किंवा सोडणांचा काथ्या पसरला तर ढीग पोकळ राहतो. त्यासाठी मार्चमध्ये जाळला जाणारा पाला पोत्यांत भरून ठेवावा लागतो, आणि अनेक घरांत आता तसे करू लागले आहेत. याच ओल्या दिवसांत चतुर्थी येते. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या चौकटीला, म्हणजे माटोळीला, नारळ, सुपाऱ्यांचे घड, रानफळे आणि वेली बांधलेल्या असतात. सगळेच कुजणारे, पण ती नायलॉनच्या दोरीने बांधलेली असेल तर ती दोरी निर्माल्याबरोबर यंत्रात जाऊन पात्यांना गुंडाळते आणि काम थांबवून सुरीने कापून काढावी लागते. केवणी या रानझुडपाच्या सालीच्या दोराने बांधलेली माटोळी उतरवल्यावर नारळ-फळे वाटून घेतात आणि उरलेल्या वेली दोरासकट माडाच्या अळ्यात घालतात.